चालू न होणारी मोटारसायकल आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या वर्षी दसऱ्याला शहरातील एका शोरूममधून कर्जावर नवी मोटारसायकल घेतली. या जूनपासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरते, पण गाडी चालू होत नाही. पाऊस असला की हे हमखास घडते आणि उघडीप मिळाली की अर्ध्या-पाऊण तासाने ती आपोआप चालू होते. शोरूमच्या वर्कशॉपची चार जॉबकार्डे माझ्याकडे आहेत. बॅटरी बदलली, प्लग बदलला, तरी दोष तसाच आहे. एकदा पावसात अडकलो असताना रस्त्यावरच्या मेकॅनिकने प्लग काढून करंट येतो का, एवढे पाहिले. हे कळल्यावर वर्कशॉप म्हणते की बाहेर वायरिंग उघडल्यामुळे वॉरंटी संपली. आता ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि वायरिंग हार्नेस (गाडीतील तारांचा जुडगा) यांसाठी १८,४०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे, आणि पैसे न भरल्यास गाडी ठेवण्याचे रोज १०० रुपये लावू, असे सांगतात. पेट्रोलमध्ये पाणी असेल, असेही तोंडी म्हणाले. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमनेच मोबाइल चार्जर बसवून दिला होता, त्याची पावती आहे. माझी दुसरी सर्व्हिस मात्र महिनाभर उशिरा झाली. मला नवी गाडी मिळेल का? तोपर्यंत कर्जाचे हप्ते थांबवू का?

उत्तर : नवी गाडी मिळेल का, याचे उत्तर आज कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, कारण आपली गाडी का चालू होत नाही हेच अद्याप कोणी शोधलेले नाही. दोन भाग बदलून झाले, आणखी दोन भागांचे अंदाजपत्रक हाती आले, पण निदान एकाही कागदावर नाही. आपल्या प्रकरणाचे भवितव्य याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. म्हणून आधी दोषाचे लेखी निदान मागावे आणि ते मिळेपर्यंत गाडीचा कोणताही भाग बदलू देऊ नये, असा माझा सल्ला आहे.

मी मेकॅनिक नाही, परंतु वाहनांच्या तक्रारी चालवणाऱ्या वकिलाला एवढे तरी शिकावेच लागते की सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर दोष बॅटरी, स्टार्टर रिले, स्टार्टर मोटर किंवा साइड स्टँड आणि क्लचचे स्विच यांच्याकडे शोधतात, आणि इंजिन जोरात फिरूनही गाडी चालू होत नसेल, तर ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) या तिघांपैकी काहीतरी कमी पडत असते. आपली तक्रार पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकारची आहे. त्यातही ती पावसात उद्भवते आणि ओल सुकली की नाहीशी होते, म्हणजे कॉम्प्रेशनचा संशय जवळजवळ मिटतो, कारण झिजलेले इंजिन पाऊण तासात आपोआप बरे होत नाही. संशय उरतो तो प्लगकॅप, इग्निशन कॉइल, एखादा सेन्सर किंवा कनेक्टरमध्ये शिरणाऱ्या ओलीवर. चावी फिरवल्यावर फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज येतो का, काही वेळ सेल्फ मारल्यानंतर काढलेला प्लग पेट्रोलने ओला आहे की कोरडा, इंजिनाचा इशारा देणारा दिवा पेटलेला राहतो का आणि स्कॅनर लावल्यावर ईसीयूच्या स्मृतीत कोणते एरर कोड दिसतात, या चार नोंदी घ्यायला वर्कशॉपला फारसा वेळ लागत नाही. प्लग ओला असेल तर इंधन पोहोचते आहे आणि बहुधा ठिणगी पडत नाही. तो कोरडा असेल तर इंधनाकडे पाहावे लागते. या प्राथमिक तपासण्यांची नोंद नसताना थेट ईसीयू आणि संपूर्ण हार्नेस बदलण्याचे अंदाजपत्रक देणे मला तरी पटत नाही, आणि ग्राहक आयोगाला ते का पटावे, हे सांगण्याची जबाबदारी वर्कशॉपवर येईल.

आपली जॉबकार्डे आज पुन्हा वाचून पाहावीत. बहुतेक जॉबकार्डांवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढेच लिहिलेले असते आणि त्याखाली कोणताही भाग बदलला तरी तो खपून जातो. इंजिन जोरात फिरते पण गाडी चालू होत नाही, आणि हे पावसात घडते, असे पहिल्याच कार्डावर लिहिलेले असेल, तर बॅटरी कशासाठी बदलली, याचा खुलासा वर्कशॉपला अवघड जाईल. तसे लिहिलेले नसेल, तर पुढच्या भेटीत आपल्या शब्दांत लिहून घ्यावे आणि त्यानंतरच सही करावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मालातील ‘दोष’ आणि सेवेतील ‘त्रुटी’ या दोन स्वतंत्र बाबी आहेत. ओल शिरू देणारा कनेक्टर हा मालातील दोष ठरू शकतो, तर निदान न करता एकामागून एक भाग बदलत राहणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. आपली तक्रार दोन्ही मुद्द्यांवर उभी करावी.

वॉरंटी संपल्याच्या दाव्याकडे वळू. छेडछाड झाली असे जो म्हणतो, त्याने ती दाखवून द्यावी लागते. कोणती वायर, कोणत्या ठिकाणी, कशी उघडलेली आढळली, याचे छायाचित्र आणि वॉरंटीपत्रकातील नेमकी अट लेखी मागावी. प्लग काढून ठिणगी पाहणे आणि हार्नेस उघडणे यांत मोठा फरक आहे. त्या मेकॅनिकचे नाव लपवू नये. उलट, त्याने काय केले आणि काय केले नाही याचे त्याचे प्रतिज्ञापत्र मिळाले तर उत्तमच. आपल्या हातातील सर्वांत वजनदार कागद मात्र मोबाइल चार्जरची पावती हा आहे. असा चार्जर बसवताना सहसा गाडीच्या मूळ वायरिंगमधूनच वीजजोड घ्यावा लागतो. म्हणजे वायरिंगला पहिला हात शोरूमच्याच माणसाने, डिलिव्हरीच्या दिवशी आणि पैसे घेऊन लावला. हार्नेसवर टेप किंवा जोड सापडलाच, तर तो कोणाचा, हा प्रश्न आधी त्यांनाच विचारला जाईल. चार्जरचा जोड कुठून घेतला आहे, हेही तपासणीच्या अहवालात नोंदवावे, अशी मागणी करावी, कारण ओल तिथूनच आत जात असेल तर हे प्रकरण फारच सोपे होईल.

आपल्या बाजूची कमकुवत गोष्ट म्हणजे उशिराची दुसरी सर्व्हिस. ती तक्रारीत आपणहून सांगावी. सामनेवाल्यांनी, म्हणजे शोरूम व कंपनीने, ती उकरून काढण्यापेक्षा ते बरे. ऑइल महिनाभर उशिरा बदलल्याने पावसात ठिणगी बंद पडत नाही, हा युक्तिवाद आपल्याला करता येईल, परंतु वॉरंटीपत्रकातील अट कडक शब्दांत असेल तर त्यावर वाद होणार, हे गृहीत धरावे. पेट्रोलमधील पाण्याचा आक्षेप मला लंगडा वाटतो. जूनपासून आपण अनेकदा पेट्रोल भरले असणार, आणि प्रत्येक वेळी पाणी आले पण ते फक्त पावसाळी सकाळीच जाणवले, हे पटणे कठीण आहे. इथेनॉलचे नाव पुढे केले गेल्यास लक्षात ठेवावे की एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या वाहनांचे साहित्य २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला टिकणारे असणे अपेक्षित आहे. पंपावरचे नेहमीचे पेट्रोल भरणे हा गैरवापर नव्हे. तरीही हा आक्षेप लेखी आला, तर टाकीतील नमुना आपल्यासमोर काढून तो सीलबंद करावा, असे कळवावे.

रोजच्या शंभर रुपयांच्या धमकीने घाबरू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू मोबदल्यापोटी अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला असतो, परंतु तो त्या वस्तूवर खरोखर केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता. केवळ अंदाजपत्रक दिले म्हणून मोबदला देय होत नाही. जॉबकार्डामागे पार्किंग आकाराची अट छापलेली असून त्याखाली आपली सही असेल, तर मात्र वाद निर्माण होतो. म्हणून ‘निदान आणि वॉरंटीचा निर्णय लेखी मिळेपर्यंत गाडी माझ्या विनंतीवरून नव्हे तर तपासणीसाठी तुमच्याकडे आहे’ असे एक पत्र आजच पाठवावे. कलम १५१ नुसार ताब्यातील गाडीची वाजवी काळजी घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. ती पावसात उघड्यावर उभी असेल तर छायाचित्र काढून ठेवावे.

ही गाडी रोज अंबडला जाण्यासाठी लागते, याची मला कल्पना आहे. फारच नड असेल, तर रक्कम हरकत नोंदवून भरावी, म्हणजे पावतीवर किंवा त्याच दिवशीच्या ईमेलमध्ये ‘वॉरंटीचा हक्क राखून, नाइलाजाने’ असे स्पष्ट लिहावे, आणि काढलेला जुना ईसीयू व हार्नेस ताब्यात घ्यावा. पैसे देऊन बदललेल्या भागाचा जुना तुकडा आपलाच असतो, आणि तो हातातून गेला तर तज्ज्ञाला तपासायला काहीच उरत नाही. माझी पसंती मात्र गाडी दुरुस्त न करता परत घेऊन काही दिवस सिटीलिंक बसने किंवा रिक्षाने जाण्याला आहे. प्रवासाची बिले जपून ठेवावीत, नुकसानभरपाई मागताना ती कामाला येतात.

शोरूम आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवावी, कारण वॉरंटी कंपनीची असते आणि सेवा शोरूमची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, नोंद केल्यास कंपनीकडून कधी कधी पत्राच्या आधीच फोन येतो. त्यानेही भागले नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करावी. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगात ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रार चालते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय परराज्यात असले तरी अडचण नाही. वस्तूसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि आपले म्हणणे स्वतः मांडण्यास कायद्याची मुभा आहे.

आयोगात तक्रारीचा निर्णय प्रामुख्याने प्रतिज्ञापत्रे व कागदपत्रे यांवर होतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ३८(२) मधील तरतुदींनुसार वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येते आणि तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. तक्रारीसोबतच तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्यावा, आणि शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील ऑटोमोबाइल विभागाचे नाव सुचवावे. वर्कशॉपशी झालेले व्हॉट्सॲप संदेश आणि गाडी चालू होत नसल्याचे व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत द्यावे. कायद्यात तपासणीची गरज नसल्यास तीन महिने आणि असल्यास पाच महिने असा काळ सांगितला आहे, प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चालावे.

नवी गाडी मागताना सर्वोच्च न्यायालयाचा २००६ मधील मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा हा निकाल आपल्यासमोर ठेवला जाईल. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणून मागण्या पर्यायी स्वरूपात लिहाव्यात: प्रथम दोष शोधून विनामूल्य दुरुस्ती आणि बदललेल्या भागांवर नवी वॉरंटी, ते शक्य नसल्यास गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, आणि कोणत्याही परिस्थितीत प्रवासखर्च, मनस्तापाची भरपाई व तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा वाजवी ठेवावा. एक लाखाच्या गाडीसाठी दहा लाख मागितल्याने प्रकरणाचे वजन वाढत नाही.

हप्ते मात्र कदापि थांबवू नयेत. कर्जाचा करार बँक किंवा वित्तसंस्थेशी झालेला स्वतंत्र करार आहे, गाडी बंद आहे हा तिच्याविरुद्धचा बचाव ठरत नाही, आणि थकबाकीची नोंद आपल्या पतइतिहासात राहते. तक्रारीची मुदत ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ती वॉरंटी नाकारल्याच्या दिवसापासून न मोजता पहिल्या जॉबकार्डाच्या तारखेपासून मोजावी, म्हणजे मुदतीचा वाद उद्भवणार नाही.