रानरेड्यासमोर कोणती रायफल?

वाचकांचे प्रश्न : शस्त्रे आणि नेमबाजी

प्रश्न : कराडचे एक वाचक लिहितात, "माझे वय ४६ आहे. गेली १५ वर्षे परवान्यावर .३१५ बोअरची रायफल बाळगतो आणि सवड मिळेल तसा सराव करतो. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. पुढच्या वर्षी तेथील परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याबरोबर आफ्रिकी रानरेड्याच्या शिकारीला जाण्याचे आमचे ठरत आहे. .३७५, .४१६, .४५८ आणि दुनळी .४७० ही चार नावे पुढे आली आहेत. मित्रमंडळींचे म्हणणे असे की, न्यायचीच तर सर्वांत मोठी न्यावी. आपले मत कळवावे."

उत्तर : आपण .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम निवडावी (हे आकडे नळीचा साधारण व्यास इंचात सांगतात), आणि ती साध्या बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडा हाताने मागेपुढे ओढण्याची, असावी. मित्रांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी मला तो मान्य नाही. जितकी मोठी नळी तितके आपण सुरक्षित, असे समजून गेलेल्या माणसाची पहिली गोळी धक्क्याच्या धास्तीने चुकीच्या जागी लागते, आणि मग जखमी रेड्याचा माग काढत दाट झाडोऱ्यात शिरण्याची वेळ बरोबरच्या सगळ्यांवर येते. रानरेड्याने माणसे मारल्याच्या घटनांमध्ये आधी जखमी झालेल्या जनावराचा भाग मोठा असतो, ही गोष्ट आपण मनात पक्की धरावी.

पूर्ण वाढलेला नर ६०० ते ८०० किलो वजनाचा असतो. त्याचे हृदय आपल्याला वाटते त्याहून बरेच खाली, पुढच्या दोन पायांच्या बेचक्यात असते. तेथे पोहोचण्यासाठी गोळीला जाड कातडी, दाट स्नायू आणि पुष्कळदा खांद्याचे हाड फोडून सरळ रेषेत आत जावे लागते. हे काम नुसत्या वेगाने होत नाही. जाडीच्या मानाने लांब आणि जड असलेली, न फुटणारी गोळी त्यासाठी लागते. .३७५ ची ३०० ग्रेन वजनाची (सुमारे १५ ग्रेनचा एक ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सुमारे ४,२०० फूट-पौंड भरते. .४१६ रिग्बीची गोळी ४०० ग्रेनची, तर .४५८ विंचेस्टर आणि .४७० यांची साधारण ५०० ग्रेनची असते, आणि तिघींची ऊर्जा ५,००० फूट-पौंडांच्या आसपास जाते. हा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. परंतु १९१२ पासून वापरात असलेल्या .३७५ ने असंख्य रानरेडे आणि हत्ती पडले आहेत, आणि आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी हीच किमान मर्यादा कायद्याने वा प्रघाताने धरली जाते. फुफ्फुसाच्या मागे, पोटात लागलेली ५०० ग्रेनची गोळी हृदयात लागलेल्या ३०० ग्रेनच्या गोळीची बरोबरी करू शकत नाही.

येथे एक प्रसंग सांगतो. साताऱ्याचे माझे एक स्नेही, तालमीत घडलेले, भरदार खांद्याचे गृहस्थ, काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर नामिबियात होते. त्यांनी हट्टाने .४५८ उचलली. पहिल्या दोन गोळ्या लक्ष्याच्या कागदावर एकमेकींच्या जवळ लागल्या, तिसरी वीतभर खाली गेली आणि चौथी कागदालाच लागली नाही. आमच्या बरोबरचा वृद्ध शिकारी काही बोलला नाही. त्याने रायफल भरून देण्याच्या निमित्ताने हातात घेतली आणि त्यांच्या नकळत नळीत रिकामे, डमी काडतूस सरकवले. स्नेह्यांनी नेम धरला, चाप ओढला आणि नुसता 'टक्' असा आवाज झाला. पण त्या क्षणी नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेलेले आणि त्यांचे डोळे घट्ट मिटलेले आम्ही सर्वांनी पाहिले. त्यांनाही ते उमगले. दुपारी त्यांनी .३७५ घेतली आणि ५० मीटरवरून उभ्याने झाडलेल्या तीन गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत बसवल्या. खांदा भक्कम असला म्हणजे धक्का सोसतो. पण पापणी आणि मनगट तालमीत तयार होत नाहीत. नऊ-साडेनऊ पौंडांच्या .३७५ चा धक्का आपल्याकडच्या जुन्या .३०३ च्या दुपटीहून अधिक असतो आणि तेवढ्याच वजनाच्या .४५८ चा तिपटीच्याही पुढे जातो. पहिला सरावाने अंगवळणी पडतो. दुसरा अंगवळणी पाडायला जेवढी काडतुसे झाडावी लागतात, तेवढी आपल्याला येथे मिळणार नाहीत.

काहीजण याच्या उलट टोकाचा दाखला देतील, की बेल नावाच्या शिकाऱ्याने .२७५ रिग्बीसारख्या लहान रायफलीने शेकडो हत्ती मारले. ते खरे आहे. परंतु हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो हे त्या माणसाने कवट्या कापून अभ्यासले होते, तो घन, म्हणजे न पसरणारी, गोळी वापरी आणि त्याचा नेम असामान्य होता. त्याचे उदाहरण नेमाचे महत्त्व सांगते. लहान रायफल न्यावी असे सांगत नाही.

गोळीच्या निवडीत काटकसर करू नये. पहिली गोळी पसरणारी, पण आतला शिसाचा गाभा बाहेरच्या तांब्याच्या आवरणाला घट्ट जोडलेली अशी असावी, म्हणजे ती हाडावर विस्कटत नाही. मागाहून झाडायच्या गोळ्या घन, न पसरणाऱ्या असाव्यात, कारण तेव्हा रेडा बहुधा पाठमोरा पळत असतो किंवा समोरून येत असतो आणि गोळीला अंगाच्या लांबीतून जावे लागते. घन गोळी कळपावर मात्र कधीही झाडू नये. ती एका रेड्यातून पार होऊन मागच्या मादीला जखमी करते.

बोल्ट माऊझर पद्धतीचा असावा. त्यातील लांब नखी काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच पकडते आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे रायफल तिरकी असो वा उलटी, काडतूस सुटून अडकत नाही. तरीही घाईत बोल्ट पूर्ण मागे न ओढणे हा माणसाचा दोष उरतोच. रिकामे कवच (काडतुसाचे धातूचे आवरण) बाहेर पडते, नवे काडतूस मात्र उचललेच जात नाही, आणि शिकारी रिकाम्या नळीचा चाप ओढतो. यावर उपाय एकच. डमी काडतुसे घेऊन, रायफल खांद्यावरून न काढता, बोल्ट जोरात मागे आपटण्याचा सराव रोज वीस-पंचवीस वेळा करावा. आपल्या .३१५ वरही हा सराव होतो.

दुनळी .४७० विषयी मला आदर आहे. दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक बिघडली तरी दुसरी हाताशी असते, आणि दुसरी गोळी बोल्टपेक्षा लवकर सुटते. तिच्या जन्माचा आपल्या देशाशी संबंध आहे. सीमेवरील बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या, .४५० बोअरच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअर हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली, आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकार पुढे आणले. परंतु चांगली दुनळी अतिशय महाग असते, अकरा पौंडांच्या आसपास जड असते, आणि ८०-१०० मीटरच्या पुढे तिचा भरवसा कमी होतो. जो माणूस आयुष्यभर बोल्ट ओढत आला, त्याने पहिल्याच शिकारीला दुनळी हाती घेऊ नये.

.४१६ रिग्बी १९११ ची. तिचे कवच मुद्दाम मोठे ठेवलेले आहे, कारण त्या काळची कॉर्डाइट नावाची धूररहित दारू उष्ण प्रदेशात जास्त दाब निर्माण करी आणि कवच नळीत चिकटून बसे. पुढे पुन्हा जाण्याचा योग आला आणि .३७५ हातात बसली, तर या .४१६ चा विचार जरूर करावा.

दस्ता (रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग) आपल्या मापाचा आहे का, हे पाहायला विसरू नये. परदेशी रायफलींचे दस्ते उंच माणसांच्या बेताचे असतात. लांब दस्ता घाईत काखेत अडकतो, आणि आखूड दस्त्यावर दुर्बीण डोळ्याजवळ येऊन भुवई फोडते. दुर्बीण कमी शक्तीची, एकपट ते चौपट असावी. रानरेड्यावर बहुतेक गोळ्या शंभर मीटरच्या आतच झाडल्या जातात.

रायफल विकत घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. आपल्याकडे परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत, आणि तेथील शिकार संस्था भाड्याने चांगली .३७५ देतात. पहिले दोन दिवस तिच्यावर सराव करायचा आहे, हे आधीच लिहून कळवावे. तोपर्यंत येथे आपल्या .३१५ ने सरावाच्या मान्य जागी, उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवरून नेम धरण्याची सवय करावी. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून केलेला सराव तेथे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : शिराळा तालुक्यातील एक शेतकरी विचारतात, "चांदोलीच्या बाजूने गवे ऊस आणि मका तुडवायला येतात. गव्यासाठी कोणता बोअर लागतो आणि पीक संरक्षणाचा परवाना त्याला चालतो का?"

उत्तर : आपले नुकसान मी समजू शकतो, एका रात्रीत उभे पीक झोपलेले मी स्वतः पाहिले आहे. तरीही या प्रश्नाला बोअरचे उत्तर नाही. गवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही लेखी, आणि जनावर माणसांच्या जिवाला धोकादायक झाले किंवा बरे होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी झाले असून त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावरच. पीक संरक्षणासाठी मिळणारा परवाना सामान्यतः ठासणीच्या बंदुकीचा असतो, आणि पूर्ण वाढलेला गवा आफ्रिकी रानरेड्याहूनही जड, हजार किलोपर्यंत भरतो. ठासणीच्या गोळीने तो मरणार नाही, जखमी होईल, आणि सकाळी उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसावर येईल. वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच लेखी कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज मुदतीत द्यावा.

प्रश्न : सांगलीच्या एक वाचक भगिनी लिहितात, "सासऱ्यांच्या वडिलांची संस्थानी काळातील दुनळी इंग्रजी रायफल आमच्या घरी आहे. तिच्यावर .४५०/४०० असे कोरले आहे. सोबत जुन्या काडतुसांची एक पेटी आहे. यजमानांना ती एकदा झाडून पाहायची आहे. ती सुरक्षित आहे का?"

उत्तर : या नावाचा अर्थ असा की .४५० चे कवच तोंडाशी आवळून त्यात .४०० ची गोळी बसवली आहे. जिम कॉर्बेट यांच्याजवळ जेफ्री कंपनीची याच बोअरची दुनळी होती. अडचण अशी, की एकाच नावाखाली वेगवेगळी काडतुसे निघाली. सव्वातीन इंची कवच आधी काळ्या दारूसाठी होते, पुढे त्याच लांबीत धूररहित दारू आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जेफ्रीने तीन इंची कवच काढले. काळ्या दारूच्या रायफलीत धूररहित दारूचे काडतूस झाडले, तर नळी फुटू शकते. म्हणून नळ्या उघडून त्यांच्या खालच्या सपाट भागावर 'नायट्रो प्रूव्ह्ड' असा शिक्का आहे का, हे परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्यावे. शिक्का नसेल तर ती रायफल झाडू नये.

त्याआधी ती कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. वारसाच्या नावे परवाना करून घेण्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

पेटीतील काडतुसे झाडू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. जुनी दारू कधी उशिरा पेट घेते. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' असा आवाज होतो, माणूस रायफल उघडतो आणि काडतूस चेहऱ्यासमोर फुटते. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक वेगासाठी एकमेकींकडे किंचित झुकवून जोडलेल्या असतात. भलते काडतूस घातले की डाव्या नळीची गोळी एकीकडे आणि उजवीची दुसरीकडे जाते. कारागिराने हिरवा कंदील दाखवला, तर नळीच्या आतील मापानुसार नवी काडतुसे मिळवावीत, आणि पहिल्या दोन गोळ्या रायफल टेकूला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून झाडाव्यात. पेटी मात्र जपून ठेवावी. मूळ गोळी किती ग्रेनची होती हे बहुधा तिच्यावरच्या लेबलावर छापलेले असते, आणि कारागिराला पहिल्यांदा तेच लागेल.