सल्लागार असाल, तर सहभागीच्या संमतीपत्रावर सही करू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने तुम्हाला सल्लागार गटात बोलावले आहे, पहिल्या बैठकीआधी सहभागीचे संमतीपत्र भरून मागितले आहे, आणि त्यावर सही करावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते करू नये.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि शुभंकर म्हणून, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारी घरची व्यक्ती म्हणून, मी अशाच एका गटात होते. संस्थेचे नाव घेत नाही. तिथल्या प्रकल्प कार्यालयाकडे एकच छापील नमुना होता, ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्यांच्यासाठीचा, आणि तोच आम्हा सल्लागारांनाही देण्यात आला. त्यामुळे बैठकीत आम्ही जे बोललो ते सल्ला म्हणून नोंदले न जाता मुलाखतीतली माहिती म्हणून जमा झाले. पुढे इतिवृत्त मागितले, तर गोपनीयतेच्या नियमावर बोट ठेवून ते नाकारण्यात आले.

सर्वांत जास्त नुकसान प्रश्नावलीचे झाले. झोप किती बिघडते, खर्च किती होतो, दिवसाचे किती तास रुग्णासाठी द्यावे लागतात, असे प्रश्न तिच्यात होते. एक वृद्ध आई म्हणाल्या, “तास मोजून काय कळणार? मी गेल्यावर याला जेवायला कोण वाढणार, ते विचारा.” त्या खोलीतील प्रत्येक शुभंकराच्या मनातला प्रश्न तोच होता. पुढच्या बैठकीत प्रश्नावली मात्र जशीच्या तशी समोर आली. नैतिकता समितीची, म्हणजे संशोधन सुरू होण्याआधी त्याचा आराखडा तपासणाऱ्या समितीची, मंजुरी झाली आहे, आता एक शब्दही बदलता येणार नाही, असे कार्यालयाने सांगितले. हे उत्तर चुकीचे होते. मंजूर आराखड्यात दुरुस्ती करायची असल्यास ती समितीपुढे ठेवता येते, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे, आणि किरकोळ बदलांसाठी पूर्ण समितीची बैठकही भरवावी लागत नाही. प्रश्न बदलला नाही, पण त्या आईंचे वाक्य अंतिम अहवालात ‘एका सहभागीचे मनोगत’ म्हणून छापून आले. याचा राग अजूनही गेलेला नाही.

कुटुंबीयांकडून प्रश्न घडवणे अशक्य असते असे मुळीच नाही. स्किझोफ्रेनियावर संशोधन करणाऱ्या चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने शुभंकरांवरील भार मोजण्यासाठी ४० प्रश्नांची जी मापनपट्टी तयार केली, तिच्यातील प्रश्न कुटुंबीयांशी टप्प्याटप्प्याने बोलून, त्यांच्याच अनुभवांतून काढलेले होते. मात्र त्यासाठी आराखडा समितीकडे जाण्यापूर्वी माणसांना बोलवावे लागते. म्हणून तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा की प्रश्नावली मंजूर झाली आहे का, आणि झाली असल्यास आमच्या सूचनांवरून दुरुस्ती दाखल करणार का. उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर त्या गटात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते.

मी वकील नाही, त्यामुळे पुढचे स्वतः पडताळून पाहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत घ्यायची असली, तरी तिची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते. हे संरक्षण ज्याच्यावर संशोधन होते त्याच्यासाठी आहे. सल्लागाराची भूमिका वेगळी असते, म्हणून त्याला वेगळे पत्र हवे. त्यात त्याचे काम, मानधन, इतिवृत्त पाहण्याचा अधिकार आणि अहवालात नाव द्यायचे की नाही याची त्याची स्वतःची निवड, एवढे तरी असावे. त्याच गटातील कोणाची मुलाखतही घ्यायची असेल, तर त्या मुलाखतीसाठीची संमती निराळी घ्यावी.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. शुभार्थींच्या, म्हणजे ज्यांना स्वतः आजार आहे त्यांच्या, वतीने आपणच बोलू नये. याच कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी दोन आणि शुभंकरांसाठी दोन अशा स्वतंत्र जागा ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. घरात कोण ओरडते, गोळ्या कोण जबरदस्तीने देते, हे मुलगा आईसमोर सांगणार नाही. आमच्या बैठकीत माझा भाऊ माझ्या शेजारी बसून गप्प होता. शुभार्थींची वेगळी बैठक घेतली, तेव्हा तो पुष्कळ बोलला, असे मला नंतर कळले. काय बोलला ते मी विचारले नाही, आणि तुम्हीही विचारू नये.

बैठकीची वेळ दुपारनंतरची मागून घ्या, कारण रात्रीच्या औषधांमुळे अनेकांची सकाळ गुंगीत जाते. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख मिळेल का, तेही आधीच विचारा. आमच्याकडे त्यासाठी पॅन कार्ड आणि रद्द केलेला धनादेश मागत, आणि स्वतःचे बँक खाते नसलेल्या दोन बायकांचे येणे त्यामुळेच थांबले.