एअर पिस्तूल आणि शिकारीची रायफल, दोन्हींसाठी एकच रेड डॉट साइट चालेल का?

आपण डोंबिवलीहून वरळीच्या रेंजवर येऊन १० मीटर एअर पिस्तूल शिकत आहात, कॅनडातील आपले मामा रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतात, आणि दोघांनाही वापरता येईल अशी एकच रेड डॉट साइट (नेम धरण्यासाठी शस्त्रावर बसवायचे, काचेत लाल बिंदू दाखवणारे उपकरण) घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. मामांना ती उत्तम उपयोगी पडेल. आपल्याला मात्र सध्या तिची अडचणच होईल.

पहिले कारण नियमांचे. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या सर्व पिस्तूल प्रकारांत केवळ ओपन साइट, म्हणजे मागची खाच आणि पुढची उभी पट्टी (फ्रंट साइट) जुळवून नेम धरण्याची साधी साइट, चालते. दुर्बीण, लेझर किंवा इलेक्ट्रॉनिक बिंदू दाखवणारी साइट लावून स्पर्धेत उतरता येत नाही, आणि आपल्याकडच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील ऑलिंपिक प्रकार याच नियमांवर चालतात. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेले सुवर्ण ओपन साइटवरचेच आहे. आयपीएससी या वेगवान नेमबाजीच्या प्रकारात ‘ओपन’ आणि ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ या विभागांत रेड डॉट सर्रास वापरली जाते, परंतु ती वाट परवान्याच्या पिस्तुलाची आणि वेगळ्या प्रशिक्षणाची आहे.

नियमांपेक्षाही मला सवयीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. ओपन साइटने नेम धरताना नजर फ्रंट साइटच्या कडेवर खिळलेली असावी लागते आणि टार्गेट धूसर दिसले तरी चालते, किंबहुना ते धूसरच दिसायला हवे. रेड डॉटमध्ये नेमके उलटे करावे लागते: दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहायचे आणि बिंदू त्यावर आपोआप येऊ द्यायचा. ज्याची पहिली सवय अजून पक्की झालेली नाही, त्याने दुसरी लावून घेतली की फ्रंट साइटवरून नजर सुटू लागते आणि टार्गेटवरील छर्ऱ्यांचा गट विस्कटतो. हात स्थिरावल्यानंतर, एखाद्या सत्रापुरती, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ती लावून पाहावी; हाताचा कंप आणि ट्रिगर झटकला जाण्याचा क्षण तीत इतका उघड दिसतो की बोलून समजावण्याची गरज उरत नाही.

साइट काम कशी करते, हे समजले की तिच्या मर्यादाही समजतात. आत एक बारीक एलईडी असतो. समोरच्या किंचित वक्र काचेवरील लेप त्याचा लाल प्रकाश परावर्तित करून डोळ्याकडे पाठवतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. हे किरण समांतर होऊन येतात, म्हणून बिंदू काचेवर नसून दूर लक्ष्यावर असल्यासारखा दिसतो. लक्ष्यावर प्रत्यक्षात काहीच पडत नाही. लेझर आणि रेड डॉट यांची गल्लत करू नये. डोळा काचेच्या मध्यावरून बाजूला सरकला तरी फरक पडत नाही, असे विक्रेते सांगतात. ते लांबच्या अंतरावर जवळजवळ खरे आहे, १० मीटरवर नाही. काच २४ मिलिमीटर रुंद असेल आणि बिंदू तिच्या अगदी कडेला दिसत असेल, तर छर्रा सुमारे १२ मिलिमीटर बाजूला जाऊ शकतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढचे वर्तुळ ८ मिलिमीटरवर असते. म्हणजे केवळ डोके कलल्याने एकाहून अधिक गुण जातो. पडताळा घ्यायचा असेल तर रिकामे पिस्तूल वाळूच्या पिशवीवर पक्के टेकवून, त्याला हात न लावता, डोके हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्यावे. बिंदू टार्गेटच्या काळ्या भागावर सरकताना दिसेल. हीच १२ मिलिमीटरची चूक १०० मीटरवर हरणाच्या बाबतीत नगण्य ठरते.

मामांसाठी निवड करताना बिंदूच्या आकाराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. तो एमओए या कोनाच्या मापात सांगतात आणि १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. हरणाचा मर्मभाग साधारण वीतभर असतो. २ एमओएचा बिंदू त्यातील सहा सेंटिमीटर झाकतो, तर ६ एमओएचा बिंदू जवळजवळ सगळा मर्मभागच झाकून टाकतो. म्हणून रायफलीसाठी २ किंवा ३ एमओए घ्यावा. मोठा बिंदू जवळच्या आणि वेगाच्या कामासाठी. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये अशी पहिली इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली, आणि तिकडे हाका घालून पळते जनावर टिपण्याच्या शिकारीत ती रुजली, ते याच वेगामुळे. मात्र तिच्यात प्रतिमा मोठी होत नाही आणि संधिप्रकाशात उजेडही वाढत नाही. जनावर नर आहे की मादी, मागे कोणी उभे आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी निःशंक दिसत नसेल तर गोळी झाडू नये. लांबच्या किंवा सांजवेळच्या शिकारीसाठी मोठ्या भिंगाची दुर्बीणच योग्य.

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि गावाकडे गेल्यावर एअरगनने वन्य पक्षी टिपणे हाही गुन्हाच ठरतो. एअरगनवर अशी साइट चढली की तो मोह वाढतो, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

विकत घेण्यापूर्वी मामांनी स्वतः साइटमधून पाहावे. बिंदू गोल न दिसता फुटलेला किंवा शेपटी असलेला दिसला, तर मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून पाहावे. कॅमेऱ्यात तो गोल दिसत असेल तर दोष बहुधा डोळ्यातील ॲस्टिग्मॅटिझमचा (बुबुळाच्या असमान वक्रतेचा) असतो आणि योग्य नंबरच्या चष्म्याने बरेचदा निभावते. शिवाय प्रखरता कमी केली की बिंदूचा पसरटपणा घटतो.

पुढे कधी आपण सरावासाठी स्वतःची साइट घेतलीच, तर मुंबईच्या हवेसाठी बंद नळीची घ्यावी. उघड्या बांधणीच्या रेड डॉटमध्ये एलईडीवर पाण्याचा एक थेंब बसला तरी बिंदूचा डाग होतो, आणि जुलैमध्ये एसी गाडीतून वरळीच्या दमट हवेत उतरताच काचेवर वाफ धरते. डबा तसाच बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. काचेवर बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवावी, आणि साइट बराच काळ वापरायची नसल्यास सेल काढून ठेवावा. साइट बसवण्यासाठी बहुतेक एअरगनवर ११ मिलिमीटरची खाच असते, तर शिकारीच्या रायफलींवर बहुधा पिकॅटिनी रेल ही रुंद, खाचांची पट्टी. एकाचा माउंट, म्हणजे साइट घट्ट धरणारी पकड, दुसऱ्यावर बसत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, त्यामुळे तिच्यावर केवळ त्यासाठीच बनवलेली साइट लावावी. झीरो करताना, म्हणजे बिंदू आणि छर्रा लागण्याची जागा जुळवताना, स्क्रूच्या १ एमओएच्या एका क्लिकने १० मीटरवर छर्रा सुमारे ३ मिलिमीटर सरकतो, हे धरून आधी पाच छर्ऱ्यांचा गट पाहावा आणि मगच स्क्रूला हात लावावा.