स्टेनलेस स्टीलवर झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड धरत नाहीत: गडबड बाथमध्ये नाही, सीड लेयरमध्ये आहे

तुमची अडचण थोडक्यात अशी: नॅनोरॉड, म्हणजे नॅनोमीटर जाडीच्या काड्या, उगवायला ३०४ स्टेनलेसची पट्टी झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइनच्या द्रावणात (म्हणजे बाथमध्ये) ९० अंशांवर सहा तास ठेवली, तर वर पांढरी पूड बसते, बोट फिरवलं की निघून जाते, आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) आडवेतिडवे जाड रॉड व मधेमधे उघडा धातू दिसतो. त्यावर तुम्ही वेळही वाढवताय आणि द्रावणाची तीव्रताही. दोन्ही वाढवणं थांबवा. ती पूड पट्टीवर उगवलेलीच नाही, द्रावणात तयार होऊन वरून खाली बसली आहे. तीव्रता वाढवली की अशी पूडच जास्त पडते आणि पट्टीच्या वाट्याचं झिंक तिच्यात संपतं.

गरम पाण्यात हेक्सामाइन हळूहळू फुटतं, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया सुटतो, हायड्रॉक्साइड वाढतं आणि झिंक ऑक्साइड बाहेर पडायला लागतं. आधीचा झिंक ऑक्साइडचा कण मिळाला तर ते त्याच्यावर सहज चढतं. स्टेनलेसवरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यावर असा कण नसतो. तो आपणच पेरायचा, अशा कणांचा पातळ थर म्हणजे सीड लेयर.

त्याआधी सफाई. १२०० ग्रिटच्या पेपरने घासा, मग अ‍ॅसिटोन आणि इथेनॉलमध्ये दहा-दहा मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी धुवा). पट्टी पाण्यात बुडवून उभी धरा: पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पुढे जा, थेंब-थेंब होऊन फाटला तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा धुवा. ही पायरी गाळणारेच नंतर ‘चिकटत नाही’ म्हणून विचारत येतात.

सीडसाठी ५ मिलीमोलर झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट, म्हणजे १०० मिली इथेनॉलमध्ये ०.११ ग्रॅम. विरघळायला वेळ लागतो, थोडं कोमट करा. पट्टीभर पसरेल इतकं टाका, दहा सेकंद थांबा, स्वच्छ इथेनॉलने धुवा, हवेच्या झोताने सुकवा. असं चार वेळा करून हवेतच ३५० अंशांवर २० मिनिटं भाजा, आणि हे सगळं पुन्हा एकदा. स्टेनलेसवर फिकट सोनेरी छटा येईल, ती येऊ द्या. मधलं धुणं टाळू नका, नाहीतर अ‍ॅसिटेटचे ढिगारे राहतात आणि त्यांच्यावरचे रॉड चिकटपट्टी लावून ओढली की तिच्याबरोबर उचकटून येतात.

बाथ २५ मिलीमोलर पुरे. १०० मिलीला झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.७४४ ग्रॅम, हेक्सामाइन ०.३५ ग्रॅम. दोन्ही ५०-५० मिली डीआय (क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात वेगवेगळी विरघळवून थंडच मिसळा. नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर वजनावर भरवसा ठेवू नका. डीआय पाणी आधी उकळून गार करा, त्यातली विरघळलेली हवा निघून जाते.

पट्टीची सीड केलेली बाजू खाली, तळापासून सेंटीमीटरभर वर आणि तिरकी. सपाट पालथी ठेवली की खाली बुडबुडे अडकतात आणि नेमके गोल टक्कल पडतात. असे गोल डाग दिसले की रसायनांना दोष देऊ नका. झाकणबंद काचेची बाटली, वर मोकळी जागा सोडून, ९० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास. अजून लांब रॉड हवे असतील तर त्याच द्रावणात तास वाढवण्यापेक्षा बाथ ताजा करा. पट्टी गरम असतानाच काढून डीआय पाण्याने धुवा, गार होईपर्यंत ठेवलीत तर पूड पुन्हा बसेल. बाटली फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) उघडा, आत फॉर्माल्डिहाइड आहे. उरलेलं द्रावण झिंकच्या वेस्टमध्ये टाका, बेसिनमध्ये नाही.

रॉड किती दाट येतील ते सीड ठरवतं, जाडी मुख्यतः तीव्रता आणि लांबी मुख्यतः वेळ. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट हलवा.

दुसऱ्या धातूंना हीच कृती जशीच्या तशी लावू नका. तांबं ३५० अंशांना काळं पडतं आणि ऑक्साइडचे पापुद्रे सुटतात. तिथे मी नायट्रेटच्या द्रावणातून ८० अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडिपॉझिशन (विजेच्या साहाय्याने थर बसवणं) सुचवेन, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १.० व्होल्टजवळ, त्याहून बरंच खाली गेलात तर करडं धातूचं झिंक बसू लागेल. अ‍ॅल्युमिनियमचा त्रास वेगळा: ते अल्कलीत विरघळतं, अ‍ॅल्युमिनेट रॉडच्या टोकाला चिकटून उभी वाढ अडवतं, आणि रॉडऐवजी पातळ पत्रे मिळतात. म्हणून स्टेनलेसची पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या क्लिपने किंवा फॉइलने बाथमध्ये टांगू नका, टेफ्लॉन वापरा.

झिंकच्या पत्र्यावर सीडची गरज सहसा पडत नाही, पण एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) वाचताना जपा. कंसातले आकडे स्फटिकातली पातळी सांगतात. झिंक ऑक्साइडचं (१०१) शिखर ३६.३ अंशांजवळ असतं आणि झिंक धातूचं (००२) जवळपास तिथेच. उभे रॉड आलेत का हे ३४.४ अंशांच्या (००२) वरून ठरवा, तेही त्याच स्कॅनमधल्या ३१.८ च्या (१००) शी तुलना करून.