आगमनकाळातील समाधान कोणाला सांगितले आहे?

आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या तयारीच्या काळात, मनाची तयारी कशी करावी आणि नाताळच्या खरेदीच्या गडबडीत समाधान कसे टिकवावे, असे आपण विचारले आहे. पापनिवेदन (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली), सकाळची मिस्सा म्हणजे चर्चमधील उपासना, घरातील जपमाळ हे आपणास ठाऊक असणारच, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते समाधानाविषयी, कारण त्यावरून माझ्या सासरी जुना वाद आहे.

आम्ही वसईचे. नाताळापूर्वी घराला रंग द्यायचा, मुलांना नवे कपडे शिवायचे, करंज्या आणि कलकल हा गोड पदार्थ करायचा, दारात कंदील लावायचा, ही आमच्याकडची रीत. एका वर्षी यजमानांच्या कंपनीने कामगारांचे पगार थकवले आणि यांपैकी काहीही शक्य राहिले नाही. थोरल्या दिरांनी पतपेढीतून कर्ज काढण्याचा आग्रह धरला. मी नको म्हटल्यावर ते सर्वांसमोर म्हणाले, ‘‘गरिबीला भक्तीचे नाव देऊ नका.’’ हे बोलणे मला फार लागले, कारण त्यांना वाटत होते तसे आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. यजमान इतर कामगारांबरोबर थकलेल्या पगारासाठी रोज खेटे घालत होते. घरात जे काही पैसे येत, त्यांतून मी आधी वाण्याची आणि मासळीवालीची उधारी फेडत होते. मुलांनी आपल्या कपड्यांतील चांगले कपडे निवडून वीटभट्टीवरील मुलांना नेऊन दिले, आणि ते देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो कर्ज काढून घेतलेल्या कपड्यांनी आला असता असे मला आजही वाटत नाही.

कपडे देण्याची कल्पना माझी नव्हती, ती बायबलच्या वाचनातली. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालतात त्या आनंदाच्या रविवारी, मिस्सेतील बायबल वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमातील (‘अ’, ‘ब’, ‘क’) ‘क’ वर्षात लूकच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाचे वाचन होते. १५ डिसेंबर २०२४ रोजीही तेच होते. ‘आम्ही काय करावे?’ असे लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, असे तो सांगतो. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा अधिक वसूल न करण्यास बजावतो. शिपायांना मात्र तो म्हणतो की कोणाला धाक दाखवून पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. येथे समाधानाचा उपदेश ज्याच्या हाती दुसऱ्याला लुबाडण्याचे बळ आहे त्याला केलेला आहे. उपाशी माणसाला योहानाने तो केलेला नाही. प्रेषित पौलही फिलिप्पै येथील ख्रिस्ती लोकांना पाठवलेल्या पत्रात, मिळेल त्या स्थितीत समाधानी राहण्यास आपण शिकलो असे लिहितो, पण तेही तुरुंगातून आणि स्वतःविषयी लिहितो. दुसऱ्याच्या गरजेवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की थकलेला पगार मागणाऱ्याला ‘समाधानी राहा’ म्हणणे हा अधर्म आहे, आणि ऋण काढून सण करणाऱ्याला ‘हौस आहे’ म्हणून पाठीशी घालणे हेही योग्य नाही. आमच्या दिरांना या दोन गोष्टींतील फरक कधीच पटला नाही. आपण तयारी करणार असाल तर प्रथम कोणाचे काही देणे राहिले आहे का ते पाहा, घरकामाला येणाऱ्या बाईंची मजुरी चुकती करा, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जा, आणि मग पापनिवेदनाला जा.

मी हे आमच्या कॅथलिक रीतीप्रमाणे लिहिले आहे; इतर ख्रिस्ती पंथांत वाचनक्रम वेगळा असू शकतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे त्यांनी आनंदाच्या रविवारी आनंदी दिसण्याची सक्ती स्वतःवर करू नये. घराला रंग देण्यालाही माझा विरोध नाही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर द्यावा, मात्र रंगाऱ्याची मजुरी नाताळच्या आधी द्यावी.