कुष्ठरोगाचं जुनं चित्रीकरण कुठे पाहता येईल आणि ते पुरावा म्हणून कितपत धरावं?

पाहायला मिळणं आता सोपं आहे. लंडनचं वेलकम कलेक्शन (वैद्यकीय इतिहासाचा संग्रह) आणि अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, दोघांचेही डिजिटल संग्रह मोफत खुले आहेत. पुराव्याचं म्हणाल तर मी आधी बघतो, फिल्मला पैसा कोणी दिला. ख्रिस्ती मिशनने देणग्यांसाठी काढलेली असेल तर कॅमेरा थोट्या बोटांवरून हलत नाही. डॉक्टरांसाठी काढलेली असेल तर माणूस गायब, नुसते चट्टे. रोगी बोलतोय असं दोन्हींत क्वचितच.

आणि मूळ गोष्ट तर कॅमेऱ्यात येऊच शकत नाही. कुष्ठरोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो, हातापायांची संवेदना जाते. भाजलं-कापलं तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं त्यातून जातात. पडद्यावर दिसतो तो परिणाम. बधिरपणाचं चित्र कसं काढणार? म्हणून ‘रोगाने बोटं झडतात’ हा समज अशा फिल्म्सनी आणखी घट्ट केला असावा, असं मला वाटतं.

फिल्मवर साल नसेल तर उपचार पाहा. चौलमोगऱ्याच्या (एका झाडाच्या बियांच्या) तेलाची इंजेक्शनं, म्हणजे जुना उपचार, दिसली तर बहुधा १९४० च्या दशकाआधीचं किंवा त्याच सुमाराचं. डॅप्सोन हे औषध त्यानंतरचं. एकाच पाकिटात दोन-तीन औषधं दिसली तर बहुधा १९८१ नंतरचं, कारण बहुऔषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा केली.

पैसा संस्थेचा म्हणजे फिल्म खोटीच, असंही नाही हं. इराणी कवयित्री फोरुघ फरोखजाद यांची ‘द हाउस इज ब्लॅक’ कुष्ठरोग्यांना मदत करणाऱ्या संस्थेसाठीच काढलेली, तब्रीझजवळच्या वसाहतीत, १९६२ साली. जेमतेम वीस-बावीस मिनिटांची. त्यात वर्गात गुरुजी विचारतात, कुरूप गोष्टींची नावं सांग. मुलगा म्हणतो, हात, पाय, डोकं. आणि सगळा वर्ग हसतो. असं हसणं देणग्यांच्या फिल्ममध्ये कोण ठेवेल?

दुसरी, फ्रेंच दिग्दर्शक झाँ-दानिएल पोले यांची ‘लॉर्द्र’ (१९७३). ग्रीसमधल्या क्रीटजवळच्या स्पिनालोंगा बेटावर रोग्यांना ठेवत; ती वसाहत १९५७ मध्ये बंद झाली. तिथे राहिलेला एक माणूस थेट कॅमेऱ्यालाच सुनावतो: याआधीही लोक आले, आमची चित्रं घेऊन गेले आणि आम्हाला फसवलं.

या दोन आधी पाहा आणि मिशनच्या फिल्म्स त्यानंतर. मग मिशनच्या फिल्म्समध्ये काय गाळलंय ते चटकन लक्षात येतं.