ओव्हन घ्या, पण बचतीच्या नावाखाली नको

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, घरी चौघं. आठवड्याला 50 रुपयांचे तीन ब्रेड लागतात. शिवाय रविवारचा नाश्ता बाहेरून येतो, त्याचे 600-700 होतात. आता ब्रेड घरीच करायचं मनात आहे. 14,000 चा ओव्हन आणि 8,000 चं पीठ मळायचं यंत्र बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? क्रेडिट कार्डावर 9,000 बाकी आहेत, थोडे थोडे फेडतेय.

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता सांगितलीत. त्या 9,000 कडे नंतर येते, आधी ब्रेडचा हिशेब.

एका ब्रेडला साधारण 300 ग्रॅम मैदा लागतो, म्हणजे 15 रुपये. यीस्टचे चार धरा, दूध पावडर, साखर, तेल यांचे सहा. ओव्हन आधी तापवणं आणि अर्धा-पाऊण तास भाजणं यात जवळपास एक युनिट जातं. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर चढतो आणि चौघांच्या घरात शंभरी सहज ओलांडली जाते, म्हणून त्याचे 12 लावलेत. झाले 37. म्हणजे ब्रेडमागे 13 रुपये सुटले. महिन्याला तेरा ब्रेड धरले तर 170 रुपये. 22,000 वसूल व्हायला पावणेअकरा वर्षं! तुमचे तीन तास मी धरलेलेच नाहीत, आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी येऊन टाकून द्यावा लागणारा ब्रेडही नाही.

आता कार्ड. महिना साडेतीन टक्क्यांनी 9,000 वर 315 रुपये व्याज जातं. ब्रेड करून वाचणार त्याच्या जवळपास दुप्पट. वर बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे कार्डावर किराणा घेतलात तरी पहिल्या दिवसापासून व्याज. आणि 'नो-कॉस्ट' या शब्दावर विसंबू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. 22,000 वर हे सगळं मिळून पाचशेच्या आसपास जाईल.

खरा पैसा रविवारी जातोय. महिन्याला अडीच हजार म्हणजे ब्रेडच्या चौपट. तो ओव्हनने थांबणार नाही, कारण रविवारी सकाळी मिसळ हवी असणाऱ्या माणसापुढे टोस्ट ठेवून कोणाचं समाधान होत नाही. अर्धा किलो जाडे पोहे, कांदा, दाणे, वर खोबरं-कोथिंबीर : शंभराच्या आत चौघांचं पोट भरतं. शनिवारच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, नाहीतर थालीपीठ. महिन्यातले दोन रविवार घरी खाल्लं तरी हजाराहून जास्त वाचतात. तेवढे कार्डावर भरत गेलात की बाकी व्याजासकट दहाएक महिन्यांत संपेल. दिवाळीचा बोनस येणार असेल तर त्याहून आधी.

तोवर हौस मारू नका. तुळशीबागेतून एक टिन आणा, जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पाव भाजा. वरची बाजू फिकी राहते, पण पाव पाव लागतो. यीस्टची पुडी फोडली की फ्रीजरमध्ये ठेवा. तीन महिने दर आठवड्याला केलेत, तर 14,000 चा नव्हे, सहा-सात हजारांचा ओव्हन घ्या, रोखीने, आणि हौसेच्या खात्यात लिहा. मळायचं यंत्र मात्र यादीतून काढाच. रोज कणीक मळणाऱ्या घराला ते कशाला?

ओव्हन ठरवण्याआधी ओट्याजवळ सोळा अँपिअरचा पॉइंट आहे का पाहा. नसला तर वायरमनचे पैसेही किमतीतच धरा.